कॉफीचे यंत्र घेण्याआधी कॅप्सूलचा हिशेब करा

मुले-मुली नोकरीला लागली की घरात नव्या वस्तू येऊ लागतात. मिक्सर आला, फ्रीज आला, कपडे धुण्याचे मशीन आले. आता कॉफीच्या यंत्राचे नाव निघते. बटण दाबताच कप भरणारे यंत्र मुलांनी कचेरीत पाहिलेले असते. सणाच्या सवलतीत, हप्त्याने ते घरी आणावे असे त्यांना वाटते. त्यात गैर काहीच नाही. चांगली वस्तू आपल्या घरात का येऊ नये? मात्र मिक्सरमध्ये आपण कोणत्याही दुकानातली मिरची वाटतो. हे यंत्र त्याच्याच मापाची कॅप्सूल मागते, आणि ती रोज मागते.

कॅप्सूल म्हणजे दळलेली कॉफी भरलेली, हवाबंद, बोटभर उंचीची डबी. यंत्र तिला भोके पाडते, आतून दाबाने गरम पाणी सोडते आणि कॉफी कपात उतरते. एका कॅप्सूलमधून एकच कप. ‘नेस्ले’ कंपनीने १९८६ साली ‘नेस्प्रेसो’ या नावाने हा धंदा सुरू केला. दाढीचे रेझर एकदाच घ्यायचे, पाती मात्र जन्मभर, तसाच हा प्रकार आहे. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. खरा खर्च कॅप्सूलचा.

नेस्प्रेसोच्या जुन्या पद्धतीच्या कॅप्सूलमध्ये साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते. समजा, अशी एक कॅप्सूल ५० रुपयांना पडली. म्हणजे ५ ग्रॅमला ५० रुपये. किलोचा भाव १०,००० रुपये झाला! घरात चार माणसे, प्रत्येकी दिवसाला दोन कप धरले तर रोजचे ४०० आणि महिन्याचे १२,००० रुपये. यात दूध-साखर धरलेली नाही. दुकानात भाव कमी-जास्त असेल, त्याप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत. पण हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय यंत्राच्या हप्त्याच्या कागदावर सही करू नये. हप्ता वर्षाभरात संपेल, कॅप्सूलचा खर्च संपणार नाही.

एवढे करूनही घ्यायचेच ठरले तर कोणते घ्यावे? माझ्या मते यंत्राच्या रंगरूपापेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे : याची कॅप्सूल आणखी कोण बनवते? नेस्प्रेसोच्या जुन्या पद्धतीच्या मुख्य पेटंटची मुदत २०१२ च्या सुमारास संपली. तेव्हापासून त्या मापाच्या कॅप्सूल इतर अनेक कंपन्याही बनवतात. पुन्हा पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूलही या मापात मिळते. तिच्यात आपल्या पसंतीची कॉफी भरावी. भरणे-धुणे आले, पण खर्च खूपच खाली येतो. २०१४ मध्ये आलेल्या ‘व्हर्चुओ’ यंत्रांचे तसे नाही. त्यांच्या कॅप्सूलच्या कडेवर खुणेच्या रेघा असतात. त्या वाचून यंत्र कॅप्सूल गरागरा फिरवते. कप मोठा भरतो, फेस भरपूर येतो, पण कॅप्सूलसाठी बहुतांशी त्याच कंपनीवर अवलंबून राहावे लागते. ‘डोल्चे गुस्टो’ची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या कॅपुचिनोला एक कॅप्सूल कॉफीची आणि दुसरी दुधाची लागते, म्हणजे एका कपाला दोन. ज्या घरी सकाळी दूधवाला येतो, तिथे दुधाची कॅप्सूल कशाला विकत घ्यायची?

दुधाचा मुद्दा इतर यंत्रांनाही लागू आहे. साधे यंत्र दूध तापवत नाही. ते ४० मिलिलिटरच्या आसपास कडक, काळी कॉफी देते. आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधाची. तेव्हा गॅसवर पातेले चढणारच.

कुणाचा नातेवाईक परदेशातून यंत्र आणून देतो. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर लावले तर ते जळेल. दुबईचा वीजदाब चालतो, फक्त पिन बदलावी लागते. पण वॉरंटी तिकडची आणि दुरुस्ती इकडची, ही अडचण उरतेच. बहुतेक यंत्रे १२०० ते १६०० वॅटची असतात. पाणी अर्ध्या-एक मिनिटात तापते म्हणून विजेचे बिल फारसे वाढत नाही. परंतु जुन्या चाळीतल्या बारीक पिनच्या सॉकेटवर किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नये, जाड पिनचे सॉकेट हवे. बोअरिंगचे पाणी असेल तर आत क्षार साचतात. कंपनीने सांगितल्याप्रमाणे ते वेळोवेळी काढले नाहीत तर यंत्र हळूहळू बंद पडते.

वापरलेली कॅप्सूल ॲल्युमिनियमची असली तरी आत ओला चोथा असतो. कापून, चोथा काढून, धुऊन ठेवली तरच ती भंगारात देता येईल. चोथा कुंडीत घालावा.

ज्यांना केवळ ताज्या कॉफीची चव हवी आहे, त्यांच्यासाठी भांड्यांच्या दुकानात दक्षिणेकडचा दुमजली स्टीलचा फिल्टर मिळतो. वरच्या भांड्यात कॉफी घालून उकळते पाणी ओतायचे; अर्क थेंबथेंब खाली उतरतो. रात्री लावून ठेवला तर सकाळी सहाच्या पाळीला जाणाऱ्याचे दूध तापेपर्यंत कॉफी तयार असते. त्याला ना वीज लागते, ना कॅप्सूल.