‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ : चूक शोधायची कुठं?

आज आपण लिनक्सवर सी शिकताना हमखास आडव्या येणाऱ्या एका एररकडे बघू. प्रोग्राम बरोबर, मॅथ.एच इन्क्लूड केलेली, तरी उत्तर येतं: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. मग काय होतं? मंडळी इन्क्लूडची ओळ पुन्हा टाइप करतात, कंपायलर काढून परत टाकतात, आणि धडधाकट कोड मोडून बसतात.

आधी शेवटची ओळ वाचू या: ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. एलडी म्हणजे लिंकर. म्हणजेच कंपायलरचं काम सुरळीत पार पडलंय. गाडी पुढच्या टप्प्यावर अडली आहे.

हेडर फाइल म्हणजे हॉटेलातलं मेनूकार्ड समजा. एसक्यूआरटी डबल घेतं आणि डबल देतं, एवढंच तिथं छापलेलं असतं. प्रत्यक्ष पदार्थ स्वयंपाकघरात, म्हणजे लिबएम या लायब्ररीत. प्रिंटएफ ज्या लिबसीमध्ये आहे ती जीसीसी आपणहून जोडतो. लिबएम मात्र आपल्याला मागावी लागते:

जीसीसी वर्गमूळ.सी -एलएम

आता गंमत बघा. एसक्यूआरटीला थेट १६.० दिलं तर -एलएम नसतानाही प्रोग्राम चालतो! कारण उत्तर ४ हे कंपायलरच आधी काढून ठेवतो, फंक्शन बोलावायची वेळच येत नाही. तोच आकडा स्कॅनएफने घेतला, की एरर हजर. म्हणून ‘काल तर चालत होतं’ हा पुरावा धरायचा नाही.

दुसरी मेख क्रमाची. -एलएम फाइलच्या आधी लिहिलं तर अनेकदा तीच एरर कायम राहते. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररी समोर येते तेव्हा कुणी काही मागितलेलंच नसतं, म्हणून तो ती सोडून देतो. तेव्हा आधी मागणारा, मग देणारा. मेकफाइलमध्येही -एलएम शेवटीच.

मॅकवर हे लागत नाही, तिथं गणिताची फंक्शन्स मूळ सिस्टीम लायब्ररीबरोबरच येतात. जी++ तर लिबएम स्वतःच जोडतो. त्यामुळे मित्राच्या मशीनवर चाललं म्हणून आपलं चुकलं असं नव्हे.

आणि ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ असं दिसलं तर? ती तक्रार कंपायलरची, तिथं हेडर तपासायचं. तक्रार कोण करतंय ते आधी बघितलं, की निम्मं काम तिथंच झालं.