काच, वारा आणि सरांची मान

सकाळी ६.१५

गॅरेजचं शटर अर्धं वर गेलं नाही तोच सर दारात. शिक्षक माणूस, वेळ चुकायची नाही. चारशे सीसीची गाडी, मागच्या सीटला बांधलेलं भलंमोठं खोकं. खोक्यात ऑनलाइन मागवलेली उंच विंडशील्ड.

"ही आजच बसवून टाका. सुट्टी लागली की आम्ही दोघं कन्याकुमारीला निघतोय. सध्याच्या काचेमागं तासभर चालवली की मान आखडते आणि रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते."

मी खोकं उतरवून कोपऱ्यात ठेवलं, पण उघडलं नाही. म्हटलं, आधी हायवेला चक्कर मारून येऊ, काच काय पळून जात नाही. गाडीची कंपनी इथं मुद्दाम लिहीत नाही. हे दुखणं एकट्या गाडीचं नसतंच. तीच गाडी पाच फूट चार इंचाच्या माणसाला गप्प वाटते आणि पाच फूट दहाच्या सरांचं डोकं झोडपते.

६.४५

नवा कात्रज बोगदा ओलांडून साताऱ्याच्या बाजूला. पहिल्या चाचणीला पहाटेचीच वेळ बरी. ऊन चढलं की घाटाकडून वारा सुटतो, मग थपडा काचेच्या की डोंगराच्या ते कळत नाही. सर चालवतायत, मी मागं. वेग ८०, म्हणजे हायवेवरची दुचाकीची मर्यादा. त्याच्यापुढं मी कोणाला चाचणी करू देत नाही.

निघण्याआधी काचेच्या आतल्या बाजूला आणि हेल्मेटच्या कडेला लोकरीचे बोटभर धागे चिकटवले होते. काचेमागचे धागे माझ्याकडं, म्हणजे मागं, उडायला हवेत. ते उलटे, समोर हेडलाइटकडं तोंड करून फडफडत होते. सरांच्या हेल्मेटवरचे तर क्षणात डावीकडं, क्षणात वर.

रस्ता मोकळा बघून त्यांना मान दोन इंच खाली घ्यायला सांगितली. घेतली, आणि म्हणाले, "अरे, एकदम शांत!" मग सीटवरून जरा उचलून बसायला सांगितलं. आवाज वाढला, पण सरळ; डोकं हलायचं थांबलं. पुन्हा नेहमीसारखे बसले की थपडा सुरू.

निदान इथंच झालं. काचेच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो. वर वेगाचा वारा, काचेमागं हवेचा खड्डा. पुलाच्या खांबामागं नदीला भोवरे पडतात तसे त्या दोन थरांच्या शिवेवर भोवरे सुटत राहतात, आणि सरांचं हेल्मेट नेमकं त्या शिवेवर. मान आखडते ती या भोवऱ्यांनी. कानातली शिट्टीही बरीचशी त्यांचीच.

७.३०

नसरापूर फाट्याला चहा. सर भौतिकशास्त्राचे, त्यामुळं वर्गाचा नियम त्यांनीच टेबलावर मांडला: वेग ८० चा १०० केला की वाऱ्याचा जोर दीडपटीच्याही वर जातो. आवाज तर त्याहून जोरात चढतो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेनं कानांसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. ८० च्या वेगाला हेल्मेटच्या आत ९० च्या पुढचा आवाज सहज असतो. कन्याकुमारीचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

सरांनी मोबाइलमधलं डेसिबलचं ॲप काढलं. मी ठेवायला लावलं. माइकवर वारा आदळला की आकडा काहीही येतो.

वारा नीट मोजायचा तर बोगदा लागतो. बीएमडब्ल्यूनं १९७६ साली आर १०० आरएस काढली. तिच्या फेअरिंगचा आकार इटलीत पिनिनफरिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात ठरवला होता. आपल्याकडं बोगदा एकच, कात्रजचा.

९.३०

गॅरेज उघडं. पोऱ्यानं काच उतरवली. चारपैकी दोन रबरी बुश वाळून दगड झालेले, त्यामुळं काच स्वतःच थरथरायची; त्याचाही एक वेगळा घोंगाट असतो. खालच्या भोकाशी केसाएवढी चीर. बोल्ट सुटू नये म्हणून कोणीतरी तिथं थ्रेडलॉकर सोडलं होतं. लोखंडाला ते औषध, पॉलिकार्बोनेटला विष. काच भोकापासून तडकत जाते. तिथं नायलॉक नट आणि रबरी वॉशर लावावा, आणि तोही हातानं जाणवेल इतकाच आवळावा. चिरेच्या टोकाला बारीक भोक मारलं की ती पुढं सरकत नाही. मारलं.

मग मधली गिऱ्हाइकं. दोन ऑइल बदल, एक पंक्चर, आणि एक मुलगा ज्याला सायलेन्सरचा आवाज वाढवून हवा होता. त्याला दुसरीकडं पाठवला.

११.४५

लेथवाल्याकडून नायलॉनच्या सळईचे १२ मिलिमीटरचे चार तुकडे कापून आणले, मधून भोक पाडलेले. काच आणि बॉडी यांच्यामध्ये हे स्पेसर घालायचे, बोल्ट तेवढेच लांब घ्यायचे. काचेच्या खालच्या कडेशी एक फट तयार होते आणि तिच्यातून थोडा वारा काचेमागं शिरतो. मागचा खड्डा भरला की वरच्या आणि मागच्या हवेतली ओढाताण कमी होते, भोवऱ्यांचा जोर उतरतो.

लोकांना हे पटत नाही. पैसे मोजले वारा अडवायला आणि हा फट ठेवतोय! सगळा वारा अडवायचा तर काच डोक्याच्याही वर जायला हवी, आणि मग रात्री पावसात ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकमधून रस्ता बघत बसा. डोळ्यांच्या रेषेच्या खाली कड, आणि हेल्मेटवर येणारा वारा सरळ. मला एवढंच पाहिजे असतं.

दुपारी १.१५

डबा. सर घरी जाऊन आले ते पत्नीला, म्हणजे बाईंना, घेऊनच. बाईंचं म्हणणं, "मागं बसणाऱ्याला तर कोणी विचारतच नाही. माझं डोकं यांच्याहून जास्त हलतं." बरोबरच आहे. मागची सीट उंच, आणि पुढच्याच्या खांद्यावरून आलेला सगळा गढूळ वारा तिथं जातो. त्यांना दुपारच्या चक्करला घेतलं.

३.००

आता एका वेळी एकच बदल. दोन केले की कोणत्यानं गुण आला ते कळत नाही.

पहिली फेरी काच पूर्ण काढून. ही फेरी सगळ्यांनी करावी, फुकट असते. सरांचं डोकं स्थिर, आवाज एकसारखा. वारा छातीवर मात्र पुरता. म्हणजे थपडा काचेच्याच.

दुसरी, स्पेसर घालून. काचेमागचे धागे आता बरेचसे मागं वळलेले. थपडा निम्म्याहून कमी झाल्या असं सर म्हणाले.

तिसरी, वरच्या दोन बोल्टांना आणखी ६ मिलिमीटर. काच जरा उभी झाली, वाऱ्याचा झोत वर चढला आणि थेट हेल्मेटच्या टोपीवर बसला. धडधड परत आली. काढून टाकले.

चौथीला ती टोपीच काढली. ॲडव्हेंचर हेल्मेटची ही टोपी फोटोत छान दिसते, उन्हालाही बरी. हायवेवर मात्र ती वारा पकडून मान मागं ओढते. टोपी काढली आणि सरांनी चेहऱ्याची काच वर करून फक्त मान डोलावली.

पाचवी, टाकीवरची बॅग लावून. फोर्कच्या मधून टाकीवरून वर चढणारा वारा हनुवटीखाली शिरतो, तो या बॅगेनं बराच अडला. बॅग नसेल तेव्हा मानेभोवती साधा बफ घातला तरी हेल्मेटच्या खालची फट बुजते.

बाईंना कितपत फरक? "बराच," म्हणाल्या, "पण ट्रकमागं गेलो की तेच." कंटेनरच्या मागचा वारा कुठल्याच काचेनं सुधारत नाही. अंतर सोडायचं किंवा जागा बघून पुढं जायचं.

सायंकाळी ५.४५

राहिला तो सरळ, एकसुरी आवाज. तो काचेनं जात नाही, त्याला कानात फोमचे बोळे. केमिस्टकडं मिळतात, महाग नसतात. बोळा बोटात वळून सुईसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर ओढायची, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटानं धरून ठेवायचा. नुसता टोचून ठेवला तर उपयोग शून्य. सरांना शंका होती हॉर्न ऐकू येईल का. हॉर्न आणि वारा दोन्ही सारखेच दबतात, त्यामुळं हॉर्न ऐकू येतोच. सर फेरी मारून आले आणि म्हणाले, इंजिनचा आवाज आज पहिल्यांदा नीट ऐकला.

६.३०

बिल: स्पेसर, बोल्ट, बुश, मजुरी. नव्या काचेच्या तुलनेत किरकोळ. खोकं सीलबंद होतं, परत पाठवा म्हटलं. जाताना सरांना जे सांगितलं तेच वाचणाऱ्यांनाही सांगतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चारही बोल्ट एकदा हाताखालून घाला. काच साबणाच्या पाण्यानं धुवा. तिला पेट्रोल किंवा अमोनियावालं काच पुसायचं औषध लावू नका. आणि नवी काच मागवण्याआधी जुनी काढून एक चक्कर मारा.