पांगाऱ्यावरील परचक्र

परचक्र म्हटलें कीं घोडदळ, तोफा आणि जळणारीं गांवें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु तिळाहून लहान कीटकही एखाद्या प्रांतावर चाल करून येऊं शकतो, हें सांगलीकरांस निराळें सांगावयास नको. सन २००२ च्या पावसाळ्यांत तेथील उंसाच्या पानांखालीं कापसासारखा पांढरा थर दिसूं लागला. तो लोकरी मावा होय. पूर्वीं ईशान्येकडील प्रांतांत ठाऊक असलेला हा कीटक पानांतील रस शोषून घेई, आणि त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढून मळेच्या मळे काळवंडून जात. पुढें माव्यावरच जगणाऱ्या डिफा नांवाच्या पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस हा कीटक यांनीं त्याचा फडशा पाडला, तेव्हां कोठें त्याचा जोर ओसरला.

उंसाचा कैवार घेण्यास मळेवाला तरी असतो; रानांतील झाडाचा वाली कोण? पांगाऱ्याच्या बाबतींत हा प्रश्न आम्हांस अगत्याचा वाटतो. माघ-फाल्गुनांत एकही पान नसतां लाल फुलांनीं पेटलेला हा वृक्ष सह्याद्रीच्या उतारांवर कोणीं पाहिला नसेल? साळुंक्या-बुलबुलांची तेथें मेजवानी चालते. त्याच्या हलक्या लांकडाचीं सावंतवाडीचीं खेळणीं कित्येक पिढ्यांतील मुलांनीं हाताळलीं आहेत.

सन २००५ च्या सुमारास या झाडाचा एक नवा शत्रु केरळांत दिसून आला. गांधीलमाशीच्या कुळांतील, पण चिलटाहून मोठा नसलेला हा कीटक कोंवळ्या पानांत व देठांत अंडीं घालतो. आंत अळी वाढूं लागली कीं पानांस गांठी येतात, शेंडे वांकडे होतात, आणि उपद्रव बळावल्यास झाड निष्पर्ण होऊन मरतें. मिरवेलींस आधार देणारे पुष्कळ पांगारे तेथें असे नष्ट झाले. हवाई बेटांतही २००५ सालीं हा कीटक पोंचला, आणि पांगाऱ्याचाच भाऊबंद असलेला तेथील ‘विलिविली’ वृक्ष संकटांत सांपडला. कीटकाचें माहेर आफ्रिका असावें, या तर्कानें शास्त्रज्ञांनीं तिकडूनच त्याच्या अळ्या खाणारा दुसरा कीटक शोधून आणला, व नीट परीक्षा करून २००८ सालीं तो सोडला. झाडांस पुन्हां पालवी फुटली. फुलां-शेंगांचा त्रास मात्र पूर्णपणें गेला नाहीं.

आपल्या मूळ देशीं प्रत्येक कीटकास वैरी असतात. मनुष्य त्यास वैऱ्यांवांचून परमुलखांत नेतो, तेव्हां तो माजतो. कुंपणासाठीं पांगाऱ्याचे खुंट लावण्याची आपली जुनी चाल आहे. दूरचे खुंट आणले, तर तोच या शत्रूचा राजमार्ग व्हावयाचा. म्हणून सातारा-सांगलीकडील आमच्या वाचकांनीं शेजारच्या झाडाच्या बियांपासूनच रोप करावें. पानांवर गांठी दिसल्यास तेवढे शेंडे कापून जाळावेत व वनखात्यास कळवावें. सरसकट विष फवारूं नये. त्यानें शत्रूबरोबर मित्रही मरतात. फाल्गुनांत मुलांना पांगाऱ्याचीं फुलें आपण कौतुकानें दाखवितों. पावसाळ्यांत त्याचीं पानें उलटून पाहण्यासही त्यांस शिकवावें. रानाचा पहारा करण्यास इतके तीक्ष्ण डोळे दुसरीकडे मिळणें कठीण.