कचेरीतला जुना राउटर घरी घेताना

विहिरीवरची जुनी मोटर घेताना आपण ती चालू करून, पाणी किती फेकते ते बघून पैसे मोजतो. राउटर मात्र स्वस्त म्हणून उचलतो! आमचं म्हणणं, आधी मॉडेल बघा. सिस्कोच्या आरव्ही ११०डब्ल्यू, आरव्ही १३० वगैरे राउटरांत २०२२ साली गंभीर दोष निघाला. मुदत संपलेली म्हणून कंपनीने दुरुस्ती दिलीच नाही. असला माल फुकटसुद्धा नको. चांगला मिळाला तर रीसेटचं बटण दाबून धरा, जुन्या मालकाचं सारं पुसा, पासवर्ड बदला, कंपनीचं ताजं सॉफ्टवेअर भरा, मगच लाइन जोडा. इंटरनेटवाल्याकडून आपलं युजरनेम आधीच मागून ठेवावं. अशा पुष्कळ राउटरांत वायफाय नसतंच. त्याचं यंत्र वेगळं घ्यावं लागतं. तो खर्च धरूनच भाव करावा.