जुन्या गाडीला घट्ट ऑइल हे औषध नव्हे

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी ती आणि तिच्यामागून आलेल्या झेन, अल्टो, सँट्रो, वॅगन-आर अजूनही रोजच्या वापरात दिसतात. कित्येकींची पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घेतलेली असते. अशा गाड्यांना गॅरेजमध्ये आणि शेजारीपाजारी ठरावीक सल्ले मिळतात. इंजिन जुनं झालंय, आता घट्ट ऑइल टाका. कूलंट कशाला, पाणी चालतं. ब्रेक ऑइल कमी झालंय, वरून भरा. गिअर जड पडतोय, भारीतलं गिअर ऑइल घाला. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की गाडीचं वय वाढलं की तिच्यातले द्रव अनुभवाच्या अंदाजाने बदलायचे. खरं तर द्रवाची निवड तीन गोष्टींवर ठरते: तो कोणत्या धातूला लागणार, कोणत्या रबराला लागणार आणि किती तापणार. गाडी वीस वर्षांची झाली तरी इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचंच राहतं आणि गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळेच्याच राहतात.

इंजिन ऑइलपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसच्या दाटपणाचा. एसएई या संस्थेच्या मानकानुसार १०० अंशांना ४० नंबरच्या ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतो, ५० नंबरच्या ऑइलचा १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. गार असताना मात्र हेच ऑइल दहापट किंवा त्याहूनही दाट असतं. म्हणजे सकाळी चावी फिरवताना कोणतंही ऑइल पातळ नसतं. ते गरजेपेक्षा दाटच असतं, आणि जितकं दाट तितकं ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. त्या फटीत तेल वेळेवर आणि सतत पोचलं पाहिजे, यावर इंजिनाचं आयुष्य ठरतं.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कंपनीचं पुस्तक जपानच्या हवेसाठी लिहिलंय, आपल्याकडे नागपूर-अकोल्याला ४५ अंश होतात. पण इंजिनाचं तापमान बाहेरच्या उन्हावर सोडलेलं नसतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिन त्याच पट्ट्यात चालतं, मग बाहेर पुण्यातली डिसेंबरची पहाट असो की विदर्भातली मेची दुपार. शिवाय त्या पुस्तकात बहुधा तापमानाचा तक्ताही असतो आणि गरम हवेसाठी कोणता नंबर चालेल ते त्यात दिलेलं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इंजिन ऑइल खातंय, मग घट्ट ऑइलने ते थांबत नाही का? थोडं कमी होऊ शकतं, हे मान्य केलं पाहिजे. तक्त्यात बसत असेल तर एक पायरी दाट ऑइल वापरण्यात चूकही नाही. पण ऑइल का जळतंय हे आधी पाहावं. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळसर धुराचा एक झोत टाकला आणि मग धूर थांबला, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील कडक झालेले असतात. चढावर जोर दिला की धूर येत असेल, तर संशय पिस्टन रिंगांवर. कडक झालेलं रबर घट्ट ऑइलने मऊ होत नाही आणि झिजलेली रिंग भरून येत नाही. उलट ऑइल प्रेशरचा लुकलुकणारा लाल दिवा घट्ट ऑइलने विझतो, मालक निर्धास्त होतो आणि बेअरिंगची झीज आत चालूच राहते. मला तर हा या सल्ल्याचा सगळ्यात मोठा तोटा वाटतो.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हाही असाच गैरसमज. ऑइलमधली रसायनं काजळी आणि मळ स्वतःत धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. ते त्यांचं कामच आहे. बोटांत चोळून ऑइलचं आयुष्य कळत नाही. किलोमीटर आणि महिने यांतलं जे आधी भरेल तेव्हा ते बदलावं. फक्त बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तर महिन्यांचा हिशोबच खरा, कारण इंजिन पुरेसं तापत नाही आणि पेट्रोल व पाण्याचा अंश ऑइलमध्ये साचत राहतो. दर्जाचं अक्षरही पाहावं. एपीआय या संस्थेच्या पेट्रोल-गाड्यांच्या दर्जात एसएल, एसएम, एसएन, एसपी असा क्रम आहे आणि पुढचा दर्जा मागच्याची जागा घेऊ शकतो. नव्या ऑइलमधून झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग काढून टाकलंय, ही तक्रार अर्धीच खरी आहे. फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा ३० आणि त्याखालच्या नंबरांना आहे, जुन्या गाड्यांत नेहमी पडणाऱ्या ४० नंबरच्या ऑइलला ती लागू नाही.

आता पाणी. पाणी उष्णता कूलंटपेक्षा चांगली वाहून नेतं, हे पाणीवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. रेडिएटरच्या कॅपचा दाब शाबूत असेल तर साधं पाणीही शंभर अंशांना उकळत नाही, १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते गोठायचाही प्रश्न नाही. मग कूलंट कशासाठी? गंज रोखण्यासाठी. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी किंवा पितळी भाग आणि मध्ये गरम पाणी एवढं जमलं की धातू खायला सुरुवात होते. कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. त्यात आपलं बोअरचं पाणी जड: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गरम भिंतीवर बसतात आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्या आतून बुजत जातात. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून बोट फिरवलं आणि विटकरी चिखल लागला, तर गाडी का तापते ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. पण अशा वेळी गॅरेजमध्ये अनेकदा थर्मोस्टॅटच काढून टाकतात. काटा खाली येतो खरा, पण इंजिन कायम गारठलेलं चालतं, पेट्रोल जास्त लागतं आणि वर म्हटल्याप्रमाणे ऑइल बिघडतं. एका द्रवातली चूक दुसऱ्यात अशी जाते.

पुरं कूलंटच ओतलं की जास्त चांगलं, असंही नाही. निव्वळ ग्लायकोल उष्णता कमी वाहतं. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळावं, किंवा तयार मिश्रण घ्यावं. आणि हिरवं-हिरवं एक, गुलाबी-गुलाबी एक असं समजू नये. रंग कंपनी आपल्या मर्जीने टाकते, त्याचं मानक नाही. आतलं कूलंट कोणतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन नव्याने भरावं. काढलेलं कूलंट अंगणात सांडू नये, ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटतं.

ब्रेकचा द्रव हा सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव खनिज तेल नसतातच. त्यात चुकून थोडं इंजिन ऑइल पडलं तरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. मानकाप्रमाणे नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ३.७ टक्के पाणी शिरलं की किमान १४० च उरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ओलावा किती असतो ते वेगळं सांगायला नको. आंबोली किंवा कुंभार्ली घाट सतत ब्रेकवर उतरताना चाकाजवळचा द्रव उकळला, की वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. खाली पोचून ब्रेक गार झाले की पेडल पुन्हा घट्ट लागतं, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. पातळी उतरली म्हणून वरून भरणं हाही उपाय नव्हे. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. दोन्हींत आधी चाक उघडून पाहायला हवं. साधारण दोन वर्षांनी सगळा द्रव बदलावा, आणि वर्षभर उघडा पडलेला अर्धा डबा वापरू नये.

गिअर ऑइलमध्ये जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा भारी, असं दुकानातही सांगतात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, ती हायपॉइड दात्यांच्या घासणाऱ्या दाबासाठी. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत तसे दातेच नाहीत; पितळी रिंगा मात्र आहेत, आणि त्यांना ही रसायनं मानवतातच असं नाही. ८०० चंच इंजिन घेतलेल्या ओम्नीच्या मागच्या ॲक्सलमध्ये ते दाते आहेत, तिथे जीएल-५ हवंच. इंजिन एक, पण ऑइलची गरज वेगळी. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर झाकणावर किंवा पुस्तकात सांगितलेलाच द्रव घालावा, इलेक्ट्रिक असेल तर काही घालायचं नसतं.

राहता राहिला पैशांचा मुद्दा: गाडीची किंमतच आता किती, तिच्यावर एवढं का घालायचं? पण पुस्तकातल्या नंबराचं आणि दर्जाचं साधं मिनरल ऑइल अशा गाडीला पुरतं. महागडं सिंथेटिक नाही घातलं तरी चालतं, फ्लश आणि ॲडिटिव्हच्या बाटल्याही लागत नाहीत. तो वाचलेला पैसा ब्रेक फ्लुइड आणि कूलंट बदलायला बहुतेक वेळा पुरतो. एकाच कामापुरते पैसे हाताशी असतील, आणि गाडी घाटातून जाणार असेल, तर आधी ब्रेकचं काम करून घ्यावं.