थंड इंजिनावर

खोपोलीत बोरघाटाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका गॅरेजच्या पत्र्यावर रंगाने लिहिलंय : ‘गरम गाडी उघडणार नाही.’ घाटात वाफ सोडून माघारी उतरलेल्या गाड्यांवर इथल्या कितीतरी गॅरेजांची चूल पेटते. तिथेच ही पाटी. ती वाचून मी थांबले आणि मिस्त्रींना कारण विचारलं.

“वाफेने हात भाजतो, हे एक,” ते म्हणाले. “पण गरम गाडीत सगळीच लक्षणं सारखी दिसतात. खरं काय ते थंड इंजिनावर कळतं. सकाळी लवकर या, कर्जतची एक मारुती रात्रीपासून उभी आहे.”

गाडी म्हणजे कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, नव्वदच्या दशकातली. मालक निवृत्त शिक्षक. गॅरेजमध्ये सगळे त्यांना गुरुजीच म्हणत होते. सपाटीवर गाडी पनवेलपर्यंत बिनतक्रार जायची. घाट लागला की काटा लाल रेषेवर. दोन गॅरेजांत वॉटर पंप, होज पाइप आणि पंख्याची मोटर बदलून झाली होती. तिसऱ्याने गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल, म्हणून सांगितलं. “बारा हजार सांगितलेत हो,” गुरुजी आल्या आल्या म्हणाले.

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते तिचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीच्या उष्णतेतली काही सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि जवळपास तेवढीच रेडिएटरच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. घाटात इंजिन पूर्ण ताकदीने राबतं, गाडी मात्र हळू चालते, म्हणजे समोरून येणारा वाराही कमी. सपाटीवर झाकून राहिलेलं दुखणं तिथे उघडं पडतं. मिस्त्रींचा पहिला प्रश्नच तो होता : “ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते की चढावर?” उभी असताना झाली तर संशय पंख्यावर. चढावर झाली, तर पाणी नीट फिरत नाही असं धरून चालायचं.

मग त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि गाडी सुरू करायला सांगितली. आम्ही तिघं त्या तोंडात डोकावून उभे. पाणी विटकरी रंगाचं, आणि त्याला गंजलेल्या लोखंडाचा ओलसर, घशात बसणारा वास. तो वास माझ्या ओढणीला दिवसभर राहिला. मारुतीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून जास्त गरम झालेल्या गाडीचं हेड वाकतं आणि दोघांमधलं गॅस्केट जातं. गॅस्केट गेलं असेल तर जळलेला गॅस पाण्यात शिरतो आणि इंजिन थंड असतानाच बुडबुडे येऊ लागतात, ते थांबत नाहीत. इथे अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे आले आणि पाणी शांत झालं. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर दिला. शांतच. झाकण लावून त्यांनी वरचा होज पाइप मुठीत धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. गॅस येत असता तर पाइप पाणी तापायच्या आधीच टणक झाला असता. तो मऊ होता. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेसही नव्हता.

“गुरुजी, हेडला हात लावायचा नाही.”

“बारा हजार सांगितले होते,” गुरुजी पुन्हा म्हणाले.

पुढे थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत काहीच नाही. आधीच्या कुणीतरी वॉल काढून टाकला होता. आपल्याकडे हे सर्रास चालतं. ‘आपली हवा गरम, वॉल हवाय कशाला’ हे मी स्वतः कितीदा ऐकलंय. हा मला सरळ सरळ आळस वाटतो. या वॉलमध्ये मेण असतं. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की मेण फुगतं, वॉल उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. वॉलच नसला तर इंजिन सपाटीवर थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि काटा खालीच राहिल्याने रेडिएटर आजारी आहे हे मालकाला कळतच नाही. गुरुजींचं नेमकं हेच झालं होतं.

नवा वॉल आला. त्यावर ८२ आकडा कोरलेला. मिस्त्रींनी तो तसाच बसवला नाही. चहाच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं, वॉलच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवून वॉल पाण्यात लोंबता धरला, बाजूला थर्मामीटर. वॉल उघडला की दोरा सुटणार. पोऱ्या पारा वाचत होता : सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. ८४ ला वॉल टपकन तळाशी पडला. “८२ लिहिलंय, ८४ ला पडला. चालेल,” मिस्त्री म्हणाले. नव्या वस्तूवरही आंधळा विश्वास नाही!

वॉल बसवून गाडी तापवली. पंखा वेळेवर लागला. इंजिन बंद करून त्यांनी रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला, आणि डावीकडे थांबले. “हात लावून बघा.” सगळी जाळी चटका देत होती आणि डावीकडची वीतभर पट्टी कोमट. त्या पट्टीतल्या नळ्या बंद झाल्या होत्या. गुरुजी वर्षानुवर्षं घरच्या बोअरचं पाणी भरत आले होते. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच क्षार नळ्यांत बसला होता. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही चिरलेलं निघालं. त्यावर ०.९ लिहिलं होतं. ते काम करतं कुकरच्या शिटीसारखं : एवढा दाब टिकला तर पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, दाब निसटला तर शंभरलाच उकळतं, आणि खंडाळ्याच्या उंचीवर त्याहूनही थोडं आधी.

रेडिएटर बाजारात गेला, टाकीचा डाख सोडवून नळ्यांत सळया घालून साफ झाला. नवं झाकण, कूलंट. दुपारी गाडी खंडाळ्यापर्यंत चढून आली, काटा निम्म्यावर.

सगळा खर्च तीन हजारांच्या आत. त्यात तपासणीचे म्हणून मिस्त्रींनी लावले तीनशे. एवढेच का, असं मी विचारलं. “पार्ट बदलला की लोक पैसे देतात. काय खराब नाही ते शोधलं, त्याचे कोण देणार?” हे ऐकून मला राग आला, त्यांच्यावर नव्हे, आपल्यावर. सगळ्यात अवघड कामाची सगळ्यात कमी मजुरी आपण गिऱ्हाइकांनीच ठरवून टाकली आहे, आणि मग न लागणारे पार्ट विकत घेतो.

तुमची जुनी गाडी गरम होत असेल तर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका. गरम झाकणाला हात लावू नका, तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका. हेडला तडा जातो. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहू द्या. कुणी हेड उतरवायचं म्हणालं, तर सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करायला लावा आणि म्हणा, आधी बुडबुडे दाखवा. आणि ज्याने ते नाहीत हे दाखवून दिलं, त्याला त्या तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्या.