रुपयाला किती मीटर?

सोन्याचा भाव रोज विचारतात, केळीचाही विचारतात. पण एक मीटर उंची गाठायला किती रुपये पडतात, हे कुणी विचारत नाही. म्हणून आधी तोच हिशेब करू.

स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून ५६७ मीटरवर आहे. तिथून रेल्वेने युंगफ्राउयोखला, म्हणजे थेट ३,४५४ मीटरवर जाता येतं. हंगामात जाऊन-येऊन पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकांच्या वर जातं. दोनशेच धरू आणि फ्रँकही मनाचा मोठेपणा दाखवून शंभर रुपयांचाच धरू. म्हणजे २० हजार रुपयांत २,८८७ मीटर. मीटरला सात रुपये.

आता आमचं भुसावळ. गाव २०९ मीटरवर. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा करत सातपुड्यातल्या तोरणमाळला पोचायचं तर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतात. जानेवारी २०२५च्या दरवाढीनंतर एसटीच्या साध्या गाडीला ६ किलोमीटरच्या टप्प्यासाठी १० रुपये ५ पैसे लागतात. जाऊन-येऊन झाले साडेसातशे. तोरणमाळ साधारण १,१५० मीटरवर, म्हणजे चढ ९४० मीटरचा. मीटरला ८० पैसे.

बाईमाणसाला ४० पैसे, कारण मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. स्वित्झर्लंडमध्येही अर्ध्या तिकिटाची सोय आहे, पण त्यासाठी आधी शंभराहून जास्त फ्रँक मोजून एक कार्ड विकत घ्यावं लागतं. आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी? ऑगस्ट २०२२पासून तिला एसटीचा प्रवास फुकट आहे. शून्य रुपये मीटर. आल्प्सच्या आठही देशांत मिळून याहून स्वस्त चढाई सापडणार नाही, असं मी छातीठोक सांगतो.

कुणी म्हणेल, कुठे आल्प्स आणि कुठे तोरणमाळ! बरोबर आहे. माँ ब्लाँ ४,८०६ मीटरच्या आसपास, आणि सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, पचमढीचं धूपगड, साधारण १,३५० मीटर. त्यावर वाद नाही. पण स्वस्तातली डोंगरी सहल आखणारा माणूस शिखरावर मुक्काम करत नाही, गावात करतो. तेव्हा गावाशी गाव लावून बघा. ज्याच्या धबधब्याचे फोटो घराघरांत कॅलेंडरवर लागतात ते लाउटरब्रुनेन आहे ८०० मीटरच्या आसपास. ग्रिंडेलवाल्ड १,०३४. माँ ब्लाँच्या पायथ्याचं शामोनी १,०३५. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ या तिघांच्याही वर आहे, शामोनीच्या तर शंभरेक मीटर वर. झेरमाट १,६०८ मीटरवर असल्यामुळे तेवढं आपल्याला भारी पडतं. मग बर्फ तिकडेच का? कारण ती गावं आपल्यापेक्षा सुमारे २,७०० किलोमीटर उत्तरेला आहेत. कर्कवृत्त तोरणमाळपासून दीड अंशावर आहे, आणि सूर्याला उंचीचं फारसं कौतुक नसतं.

बर्फाचा विषय निघालाच आहे तर भुसावळच्या मे महिन्याचं गणित करून टाकू. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी गार होते. आमच्याकडे सावलीत ४५ अंश ही काही बातमी नव्हे. त्या ४५ अंशांतून सरळ वर निघालो, तर पाणी गोठायला किती चढावं लागेल? साधारण ४,६०० मीटर. त्यात भुसावळची २०९ मिळवा, उत्तर येतं ४,८००. बरोबर माँ ब्लाँचा माथा! युरोपातला तो एवढा डोंगर आणून मे महिन्यात गांधी पुतळ्यापाशी उभा केला, तरी बर्फ टिकेल तो फक्त टोकावर टोपीपुरता. याच हिशेबाने तोरणमाळला भुसावळपेक्षा ९ अंश कमी. ४५चे ३६. स्वेटर लागत नाही, पण दुपारी माणूस माणसाशी नीट बोलू शकतो.

आता खरी अफाट गोष्ट. तिच्यासाठी माप लागेल, ते आपल्या घरचंच घेऊ: हतनूर. तापी-पूर्णेच्या संगमालगतचं हे ४१ दरवाजांचं धरण भुसावळकरांना सांगायला नको. दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. त्याची साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर. युंगफ्राउयोखवर लोक ज्यासाठी सात रुपये मीटर मोजतात, तो खालचा आलेच हिमनद. २० किलोमीटरहून लांब, आल्प्समधला सर्वांत मोठा. त्यातलं बर्फ दहा अब्ज टनांच्या घरात मोजतात. ते सगळं वितळवलं तर हतनूर पंचवीस वेळा भरेल.

पंचवीस हतनूर. मोठा आकडा वाटतो ना? मग दख्खनचा लाव्हा ऐका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून तो जो वाहू लागला, त्याचा हात आखडून केलेला अंदाजही पाच लाख घनकिलोमीटर आहे. हतनूरच्या मापाने जवळपास तेरा लाख हतनूर. त्यातला बराचसा भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं भूवैज्ञानिक मानतात. म्हणजे सरासरी काढली, तर दरवर्षी एक हतनूर भरून वर सांडेल इतका तापलेला रस, आणि हे सलग दहा लाख वर्षं. अर्थात तो असा नेमाने येत नव्हता. हजारो वर्षं गप्प राहायचा आणि मग एकदम सुटायचा.

हाच पाच लाख घनकिलोमीटर खडक स्वित्झर्लंडच्या ४१,२८५ चौरस किलोमीटरांवर सारखा पसरला, तर थर होईल १२ किलोमीटरचा. ४,४७८ मीटरचा तो देखणा माटरहॉर्न एकावर एक दोन ठेवले तरी त्यात बुडतील. एव्हरेस्टही बुडेल आणि वर तीन किलोमीटर उरतील. अख्ख्या भारतावर पसरला तरी दीडशे मीटर, म्हणजे पन्नास मजली इमारतीएवढा. आणि हा लाव्हा थंड होऊन बसला तेव्हा आल्प्स आजच्या रूपात उभे राहायला अजून कोट्यवधी वर्षं बाकी होती.

हे सगळं फुकटात बघायला मिळतं, एसटीच्या खिडकीतून. शहाद्याहून तोरणमाळच्या घाटाला गाडी लागली की डाव्या-उजव्या कापलेल्या कड्याकडे लक्ष ठेवा. काळा थर, त्यावर काळा थर, आणि मधेच कुठे विटकरी रंगाची पट्टी. कुठे वीतभर, कुठे हातभर. ती जुनी माती. एक लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग सडून माती झाली आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. त्या वीतभर पट्टीत माणसाच्या लिहिलेल्या इतिहासाहून जास्त काळ दबलेला असू शकतो. गाडी वळणावर हळू होते तेवढ्यात ती दिसते आणि जाते. खिडकीची जागा धरा, एवढाच सल्ला.

धुळे-नंदुरबारच्या मैदानात आणखी एक प्रकार दिसतो. सपाट शेतांतून काळ्या दगडाची लांबच लांब भिंत उठलेली, जशी कुणी बांधून अर्धवट सोडली असावी. बांधलेली नाही. जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजला, भोवतीचा खडक झिजून गेला आणि भेगेतला तेवढा उरला. या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक मोठ्या भिंती भूवैज्ञानिकांनी नकाशावर मांडल्या आहेत. त्यातली सर्वांत लांब ७९ किलोमीटरची. तिच्या कडेकडेने न थांबता चालत निघालात, तर सोळा तास लागतील.

चालण्यात मात्र स्वित्झर्लंडचा हात कुणी धरणार नाही. पिवळ्या पाट्या लावलेल्या त्यांच्या पायवाटा ६५ हजार किलोमीटरच्या आहेत. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा. रोज २० किलोमीटर, एकही सुटी न घेता चाललात तर जवळपास नऊ वर्षं. माँ ब्लाँभोवतीची प्रसिद्ध वाट १७० किलोमीटरची. दहा-अकरा दिवसांत तीन देश होतात आणि एकूण चढ भरतो १० हजार मीटर, म्हणजे भुसावळहून तोरणमाळ साडेदहा वेळा. सातपुड्यात पाट्या नाहीत. पावरा आणि भिल्लांचे पाडे डोंगरभर विखुरलेले. एकाच गावातलं एक घर या टेकडीवर, तर दुसरं पलीकडच्या उतारावर. वाट विचारतच जावं लागतं, आणि ‘इथेच आहे’ म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपल्या पायांनी ठरवायचं.

रेल्वेतही त्यांना मानावं लागेल. मुंबईला जाताना आपली गाडी कसारा घाट उतरते, तिथला उतार ३७ला १. तेवढ्यासाठी वर चढणाऱ्या गाडीला मागून वेगळी इंजिनं लावावी लागतात. युंगफ्राउची दातेरी रेल्वे काही ठिकाणी ४ला १ चढते. ते ९ किलोमीटर बांधायला १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं गेली.

भुसावळवरून डोंगर ओलांडणारा सर्वांत खर्चिक प्रवासी मात्र कागदावरचा आहे. ज्यूल व्हर्नच्या ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलियस फॉगची मुंबई-कलकत्ता गाडी खानदेशातून जाते, बऱ्हाणपूरला थांबते आणि मग सातपुड्याच्या खिंडीत शिरते. भुसावळ चुकवून बऱ्हाणपूरला रेल्वेने जायला तेव्हाही वाट नव्हती. गृहस्थाने २० हजार पौंडांची पैज जिंकायला १९ हजार खर्च केले. दिवसाला सुमारे २४० पौंड. त्यात दोन हजार एका हत्तीचे! प्रवासाचा खर्च कसा आखू नये, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

आपण चार दिवस, तीन रात्री धरू. पहिल्या दिवशी फैजपूरवरून पाल. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली झालं ते हेच फैजपूर. केळीच्या बागा संपल्या की सागाचं जंगल लागतं. पाल यावल अभयारण्यात आहे. १९६९चं हे अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. आल्प्समधला लिख्टेनश्टाइन नावाचा अख्खा देश १६० चौरस किलोमीटरचा आहे, हे तिथे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. दुसरा दिवस रस्त्यातच जातो. चोपडा, शिरपूर, शहादा करत संध्याकाळी तोरणमाळ. तिसरा दिवस पायी: यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर. चौथ्या दिवशी उतरून नंदुरबार, आणि तिथून तापीकाठच्या लाइनीने दोंडाईचा, अमळनेर, जळगाव करत पॅसेंजरने घरी. धनत्रयोदशीच्या सुमारास गेलात आणि पायांत बळ असलं, तर धडगावकडून अस्तंब्याची यात्रा करा. शिखर साधारण १,३२५ मीटर. अश्वत्थाम्याच्या या डोंगरावर हजारो माणसं रात्रभर चालत चढतात, आणि धूपगडाहून तो जेमतेम पंचवीस मीटरने कमी आहे.

खर्च असा. एसटी आणि पॅसेंजर मिळून हजाराच्या आत. मुक्कामाला रात्री हजार धरले तर तीन हजार. जेवणखाणाला दिवसाला चारशे, म्हणजे सोळाशे. भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा यांत माणूस उपाशी राहत नाही. बेरीज ५,६००. याउलट जून २०२४पासून युरोपच्या शेंगेन व्हिसाची नुसती फी ९० युरो आहे. युरो ९० रुपयांचा धरला तरी ८,१००. व्हिसा नाकारला तर ती परतही मिळत नाही. म्हणजे सातपुड्यात चार दिवस राहून परत आलेल्या माणसाकडे अडीच हजार शिल्लक, आणि आल्प्सला निघालेला अजून फॉर्मच भरतोय.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. पण वरच्या फेरीत एसटीचे किलोमीटर चारशेच्या आतच आहेत, तेव्हा पास घेण्याआधी आगारात आजचा दर विचारून सुट्या तिकिटांशी ताडून बघा. महिलांना तर सुटी तिकिटंच परवडतील. दिवाळी ते होळी हा काळ बरा. होळीच्या आधी आठवडाभर भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या आणि वरून उतरणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. विश्रामगृहाचं आरक्षण घरून निघण्याआधी करा. आणि वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका, खिशात सुट्टे ठेवा.